ओअरफिश दिसला तर अफवा नको, नोंद हवी

किनाऱ्यावर राहणाऱ्या, दर्यावर जाणाऱ्या आणि हातात मोबाईल बाळगणाऱ्या सर्व मराठी बंधू-भगिनींनो,

एका माशाचे व्हिडिओ हल्ली आपल्या मोबाईलवर पुन्हा पुन्हा येत आहेत. लखलखतं चंदेरी अंग, पट्टीसारखं चपटं आणि कित्येक हात लांब. डोक्यावर लाल तुरा, पाठीवर थेट शेपटाकडे गेलेली लाल झालर. २०२५ च्या फेब्रुवारीत मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियात असा एक जिवंत मासा वाळूला लागला. पुढे मे-जूनच्या सुमारास तमिळनाडूच्या मच्छीमारांना एक मिळाला. तो आडवा धरून उभे राहिलेल्या माणसांची रांग साऱ्या देशाने पाहिली. जूनमध्येच टास्मानियाच्या आणि न्यूझीलंडच्या किनाऱ्यांवरही असे मासे सापडले. व्हिडिओ वेगवेगळे, पण खालचा मजकूर एकच: 'हा प्रलयाचा मासा आहे, भूकंप होणार, त्सुनामी येणार, सगळ्यांना पाठवा.' ३० जुलै २०२५ रोजी रशियाच्या कामचाटका किनाऱ्याजवळ ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि 'बघा, खरं ठरलं' म्हणत तेच व्हिडिओ पुन्हा फिरू लागले.

हा मासा म्हणजे ओअरफिश. त्याच्याविषयी दोन गोष्टींची विनंती करण्यासाठी हे आवाहन आहे. पहिली, त्याच्या नावाने पसरणारी भीती आपल्या हातून पुढे जाऊ देऊ नका. दुसरी, तो किंवा त्याच्यासारखा अनोळखी खोल पाण्यातला मासा आपल्या किनाऱ्यावर आला, जाळ्यात सापडला, तर त्याची नीट नोंद झाल्याशिवाय तो वाया जाऊ देऊ नका. घाई एवढ्याचसाठी, की असा मासा कळवून येत नाही. तो नौकेवर ओढला गेला किंवा वाळूवर येऊन पडला की त्याचं काय करायचं हे तिथल्या तिथे, थोड्या मिनिटांत ठरतं. त्या वेळी शेजारी शास्त्रज्ञ नसतो. असतो तो खलाशी, गावातला मुलगा, फिरायला आलेलं कुटुंब. म्हणून हे आधीच ठाऊक असायला हवं.

हा मासा कोण आहे?

मुशी आणि पाकट सोडले, म्हणजे फक्त हाडांचा सांगाडा असलेले मासे धरले, तर ओअरफिश हा जगातला सर्वांत लांब मासा. आठ मीटरपर्यंतच्या लांबीच्या खात्रीच्या नोंदी आहेत. अकरा मीटरचाही उल्लेख केला जातो. नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या एका माशावरून पेटर आस्कानियस यांनी १७७२ मध्ये त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. ध्रुवांजवळचे थंड समुद्र वगळता तो जगभर आढळतो. पण त्याचं राहणं साधारण दोनशे ते हजार मीटर खोलीवर, जिथे उजेड विरत विरत संपतो. त्यामुळे अडीचशे वर्षं झाली तरी माणसाने तो मुख्यतः मेलेला किंवा मरणाच्या दारात असलेलाच पाहिला आहे.

त्याला खवले नाहीत, दात नाहीत. इतकं मोठं अंग पोसलं जातं ते क्रिलसारख्या, जवळ्यासारख्या दिसणाऱ्या बारीक जिवांवर. पाण्यात तो पुष्कळदा आडवा नसतो. डोकं वर, शेपूट खाली असा उभा राहतो, अंग ताठ ठेवतो आणि फक्त पाठीवरची झालर लहरवत पुढे-मागे सरकतो. हे कळलं तेच मुळी अलीकडे. मेक्सिकोच्या आखातात तेलविहिरींच्या कामासाठी सोडलेल्या दूरनियंत्रित पाणयानांच्या कॅमेऱ्यांत २००८ ते २०११ या काळात हा मासा पाच वेळा दिसला आणि त्यावरचा शोधनिबंध २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. वाढलेल्या ओअरफिशच्या शेपटाचा शेवटचा भाग बहुधा तुटलेला आढळतो आणि ती जखम भरलेली असते. शेपटाचा तुकडा तो स्वतःच टाकून देतो, असं अभ्यासकांना वाटतं. तो असं करताना मात्र अजून कोणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

या माशाशी आपल्या देशाचं जुनं नातं आहे. पॅट्रिक रसेल हे स्कॉटिश डॉक्टर ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात विशाखापट्टणमला होते. तिथे मिळालेल्या दोनशे माशांची वर्णनं आणि चित्रं असलेला त्यांचा ग्रंथ १८०३ मध्ये निघाला. त्यात ओअरफिशच्या जातीचा एक मासा होता. पुढे फ्रेंच शास्त्रज्ञ क्युव्हिए यांनी त्या जातीला रसेल यांचं नाव दिलं, आणि आज ओअरफिशच्या ज्या दोन जाती मानल्या जातात त्यांतली एक रेगॅलेकस रसेलाय म्हणून ओळखली जाते. आपल्या शिवारातल्या घोणसाला इंग्रजीत रसेल्स व्हायपर म्हणतात, ते याच रसेल यांच्यामुळे. दोनशे वर्षांपूर्वी भारताच्या किनाऱ्यावर मिळालेला एक मासा कोणीतरी नीट काढून, मापून, लिहून ठेवला. त्या एका नोंदीमुळे एक जात जगाला कळली. तेव्हा ना कॅमेरा होता, ना बर्फ. आज दोन्ही असताना आपण त्याच माशाच्या व्हिडिओवर भुताखेतांचं संगीत चढवून तो पुढे पाठवतो, हे आपल्याला शोभत नाही.

भूकंपाचं काय?

जपानमध्ये ओअरफिशला समुद्रदेवाच्या महालातला दूत मानतात. तो वर आला की भूकंप येतो, असा तिथे लोकसमज आहे. २००९-१० मध्ये जपानच्या किनाऱ्यांवर असे बरेच मासे आले आणि ११ मार्च २०११ रोजी तोहोकूचा भूकंप आणि त्सुनामी आली. अठरा हजारांहून अधिक माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. एवढ्या दुःखानंतर माणसं मागच्या खुणा शोधतात, त्यात नवल नाही. पण जपानी शास्त्रज्ञांनी हा समज चेष्टेवारी नेला नाही. त्यांनी तो तपासला. जुनी वर्तमानपत्रं, मत्स्यालयांच्या आणि संस्थांच्या नोंदी धुंडाळून नोव्हेंबर १९२८ ते मार्च २०११ या काळातल्या खोल समुद्रातल्या माशांच्या ३३६ नोंदी त्यांनी गोळा केल्या. त्या काळातल्या सहा आणि त्याहून अधिक तीव्रतेच्या २२१ भूकंपांशी त्या ताडून पाहिल्या. मासा दिसल्यापासून तीस दिवसांत, शंभर किलोमीटरच्या आत भूकंप झाला का, एवढा साधा प्रश्न होता. जुळणारं उदाहरण निघालं एक. फक्त एक. २०१९ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. भूकंपाची इतकी धास्ती असलेल्या देशाने ऐंशी वर्षांच्या नोंदी चाळून दिलेलं हे उत्तर आहे.

आपल्याकडे पाहा. ११ डिसेंबर १९६७ ला कोयना हादरली, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी जमीनदोस्त झाली. किल्लारीपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तिथे कोणत्या माशाने सांगावा आणायचा? उलट पृथ्वीवर सहाच्या वरचे भूकंप वर्षाला शंभराहून अधिक होतात. त्यामुळे कुठेही, कधीही मासा दिसला तरी त्यानंतरच्या महिन्यात जगात कुठेतरी मोठा भूकंप झालेलाच असतो. 'खरं ठरलं' म्हणणाऱ्याला पुरावा कधीच कमी पडत नाही, तो याचमुळे.

कोकण किनाऱ्याला त्सुनामीचा धोकाच नाही, असं मात्र मी म्हणत नाही. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी मकरानच्या किनाऱ्याजवळ झालेल्या भूकंपाच्या लाटा मुंबईपर्यंत पोहोचल्या होत्या. तो धोका ओळखण्यासाठीच हैदराबादच्या इन्कॉईस या संस्थेत भारतीय त्सुनामी पूर्वसूचना केंद्र २००७ पासून दिवसरात्र चालू आहे. किनाऱ्यावर उभे असताना जमीन जोरात आणि बराच वेळ हलली, किंवा समुद्र अचानक मागे हटला, तर कोणाची वाट न पाहता उंचावर जा. या खुणा खऱ्या आहेत. त्या मुलांना शिकवा. माशाच्या नावाने दर महिन्याला खोटी घंटा वाजवली, तर खऱ्या सूचनेच्या दिवशी लोक म्हणतील, 'असे मेसेज रोजच येतात.' त्या दिवशी जाणारे जीव आपल्या फॉरवर्डच्या खात्यावर जमा होतील.

खोटं किती चिवट असतं, त्याचंही उदाहरण याच माशाचं आहे. १९९६ मध्ये अमेरिकेत सान दिएगोजवळच्या कोरोनाडोच्या किनाऱ्यावर सुमारे सात मीटरचा ओअरफिश सापडला. नौदलाच्या जवानांनी रांगेत उभं राहून, तो हातांवर पेलून फोटो काढला. तोच फोटो पुढे 'लाओसमध्ये १९७३ साली मेकाँग नदीत अमेरिकी सैनिकांनी पकडलेली नागराणी' या मथळ्याखाली आशियाभर विकला गेला आणि आजही फिरतो. ठिकाण खोटं, साल खोटं, प्राणी खोटा. खरं तेवढं माणसांचं उभं राहणं.

मग तो वर का येतो?

आजारपण, जखम, वादळ, जोरदार प्रवाह, मासेमारीची जाळी, अशी अनेक कारणं संभवतात. ओअरफिश ताकदीचा पोहणारा नाही. उथळ खवळत्या पाण्यात तो टिकाव धरत नाही. कॅलिफोर्नियात १९०१ पासून जेमतेम वीस ओअरफिश किनाऱ्याला लागल्याची नोंद होती आणि २०२४ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या थोड्या महिन्यांत तिथे तीन आले. स्क्रिप्स या समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी त्यामागे समुद्राच्या बदलत्या परिस्थितीची शक्यता बोलून दाखवली, पण निष्कर्षाची घाई केली नाही. त्यांनी मासे ताब्यात घेतले, शवविच्छेदन केलं, नमुने जतन केले.

आपल्याला हे जास्त लागू आहे. अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत प्राणवायू अतिशय कमी असलेल्या पाण्याचा थर आहे. जगातल्या अशा मोठ्या आणि जाड थरांपैकी तो एक. पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर ते कमी प्राणवायूचं पाणी आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या उथळ भागावर चढतं, हे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी दाखवून दिलं आहे. समुद्र तापतो आहे, हा थर बदलतो आहे. दुसरीकडे खोल सागर मोहिमेतून आपला देश सहा हजार मीटर खोल माणसं पाठवण्याची तयारी करतो आहे, मध्य हिंद महासागराच्या तळावरची खनिजं मोजतो आहे. खाली काय राहतं याची यादी अपुरी असताना तिथलं पाणी आणि तळ आपण बदलू लागलो आहोत. अशा वेळी खालून वर आलेला प्रत्येक प्राणी महत्त्वाचा ठरतो. कुठे, कधी, केवढा आणि कोणत्या अवस्थेत सापडला, एवढं लिहिलं गेलं तरी ती तारीख उपग्रहांनी टिपलेल्या तापमानाशी, वाऱ्याशी, प्रवाहाशी ताडून पाहता येते. तारीख नसलेल्या व्हिडिओचा मात्र कोणालाच उपयोग नाही.

एका निरोपाने काय होतं?

डिसेंबर १९३८. दक्षिण आफ्रिकेच्या ईस्ट लंडन बंदरात नेरीन नावाचा ट्रॉलर परतला. कप्तान हेंड्रिक खूसन यांची एक चांगली सवय होती. जाळ्यात काही वेगळं आलं की ते गावच्या छोट्या संग्रहालयाला निरोप धाडत. संग्रहालयाच्या तरुण प्रमुख मार्जरी कोर्टनी-लॅटिमर बंदरावर आल्या आणि माशांच्या ढिगातून त्यांनी एक निळसर, जाड पंखांचा मासा बाहेर काढला. ठेवायला जागा मिळेना. शवागाराने नाही म्हटलं, शीतगृहानेही. त्यांनी त्याचं चित्र काढून तज्ज्ञाला पाठवलं आणि मासा पेंढा भरून जपला. तो सीलाकांथ निघाला. डायनासोरांच्या बरोबरच संपला असं जग ज्याच्याविषयी मानत होतं, त्या कुळातला जिवंत मासा. पण आतले अवयव फेकले गेले होते. ते पाहण्यासाठी दुसरा मासा मिळायला १९५२ साल उजाडलं. एका निरोपाने शोध लागला आणि आतडी न जपल्यामुळे चौदा वर्षं थांबावं लागलं. दोन्ही धडे आपल्यासाठी आहेत.

ओअरफिशच्या बाबतीतही तेच. ओकिनावाच्या मच्छीमारांच्या जाळ्यात २०१९ मध्ये सापडलेल्या नर-मादीपासून तिथल्या संशोधकांनी कृत्रिम फलन करून पिल्लं मिळवली. जगात हे पहिल्यांदाच घडलं. मच्छीमारांनी ते मासे फेकून दिले असते तर घडलं नसतं.

मासा दिसला तर एवढं करा

१. ओळख पटवा. बगा किंवा वाकटीसारखा चपटा, लांब, चंदेरी. पण डोक्यावर लाल तुरा, पाठभर लाल झालर, गळ्याखाली दोन लांब लाल दोरे आणि दात नाहीत, तर तो ओअरफिश असण्याची शक्यता मोठी.

२. जिवंत असेल तर गर्दी करू नका. शेपूट धरून उचलू नका, सेल्फीसाठी हातोहाती फिरवू नका. त्याचं अंग मऊ असतं, लवकर फाटतं. स्वतःहून खोल पाण्याकडे वळत असेल तर वाट मोकळी ठेवा.

३. मेलेला असेल तर आधी फोटो काढा. पूर्ण अंगाचा एक, डोक्याचा एक, शेपटाचा एक. शेजारी टेप, काठी, वल्हं, निदान चप्पल ठेवा, म्हणजे माप कळेल.

४. लांबी मोजा आणि लिहा. तारीख, वेळ, गाव किंवा जीपीएसवरची जागा, पाण्याची खोली आणि जाळ्याचा प्रकार लिहा. रापणीत आला की ट्रॉलमध्ये, हे महत्त्वाचं आहे.

५. कापू नका. डोकं तोडू नका, पोट फाडू नका. कानातल्या बारीक खड्यांवरून वयाचा अंदाज करता येतो, पोटातून खाणं कळतं, अंडाशयावरून विणीचा काळ. त्याचं मांस बुळबुळीत असतं, खाण्यासाठी त्याला कोणी विचारत नाही. कापून हाती काहीच लागणार नाही.

६. सावलीत घ्या, बर्फात ठेवा. संपूर्ण मासा ठेवणं शक्यच नसेल तर डोकं जसंच्या तसं बर्फात जपा आणि पंखाचा छोटा तुकडा स्वच्छ बाटलीत तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवा. फॉर्मलिन वापरू नका, त्याने डीएनए खराब होतो.

७. लगेच कळवा. बंदरावरचा मत्स्यव्यवसाय विभागाचा परवाना अधिकारी, मच्छीमार सोसायटी, रत्नागिरीचं मत्स्य महाविद्यालय, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं मुंबईतलं केंद्र, भारतीय मत्स्य सर्वेक्षण, गोव्यात दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. जवळचं जे असेल तिथे निरोप द्या. क्रमांक आजच शोधून मोबाईलमध्ये ठेवा.

ज्यांनी हे मनावर घ्यावं

नाखवा, तांडेल आणि खलाशी बांधवांनो, समुद्राची पहिली बातमी तुमच्याकडे येते. जाळं कापून व्हेल शार्क आणि कासवं सोडणाऱ्या मच्छीमारांना राज्य शासनाच्या योजनेतून डिसेंबर २०१८ पासून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते आणि पुरावा म्हणून मोबाईलवरचे फोटो चालतात. तुमच्यापैकी अनेकांनी असे जीव सोडले आहेत. तोच हात आणि तोच मोबाईल इथे हवा आहे.

शासनाला विनंती आहे की प्रत्येक जेटीवर अनोळखी माशांची चित्रं आणि कळवण्याचा एकच क्रमांक असलेला मराठी फलक लावावा. दुर्मीळ मासा आणून देणाऱ्याचा डिझेल-बर्फाचा खर्च निघेल एवढा मोबदला ठरवावा आणि नोंदीत त्या नौकेचं, त्या तांडेलाचं नाव यावं.

पत्रकार आणि वाहिन्यांच्या संपादकांनो, 'प्रलयाचा मासा' हा मथळा कायमचा सोडा. बातमी देताना भूकंपाचा उल्लेख करायचाच असेल, तर ३३६ नोंदी आणि एक जुळणी हेही त्याच बातमीत सांगा.

शिक्षकांनो, मुलांच्या मनात या माशाविषयी कुतूहल आधीच जागं आहे. त्या उत्सुकतेचा हात धरून त्यांना खोल समुद्राची ओळख करून द्या.

आणि मोबाईलवर हे वाचणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती: या माशाच्या भाकिताचा पुढचा मेसेज तुमच्याकडे येईल तेव्हा तो तिथेच थांबवा. पाठवणाऱ्याला प्रेमाने खरं काय ते सांगा. तो काका असो, मावशी असो, साहेब असो. मग किनाऱ्यावरच्या आपल्या ओळखीच्या एका तरी माणसाला वरचे सात मुद्दे पाठवा. ओअरफिश कधी येईल हे कोणाच्या हातात नाही, पण तो आल्यावर काय होईल हे पूर्णपणे आपल्या हातात आहे. हे काम आजच करा.